रकाना नऊ

एजी ऑफिसात चौतीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या, हिरव्या शाईनं.
भिंडच्या पुलावर दाखवलेलं जास्तीचं सिमेंट,
शिवपुरीच्या दवाखान्यात न पोचलेले पलंग.
पलंगांवर कोण झोपणार होतं
हा आमचा विषय नव्हता.

निवृत्त झालो तशी बायको म्हणाली,
माझ्या डब्यांचं ऑडिट नको, बाहेर काहीतरी बघा.
म्हणून हा गळ्यातला बिल्ला :
बालकल्याण समिती, सहायक व्यक्ती, मानधन निरंक.
मुलाच्या बाजूनं बोलायचं, एवढंच काम.
मूल बोललं तर.

रामलखन तीन शुक्रवार बोलला नाही.
कंपूच्या बालगृहात लोखंडी जिन्याखाली बसायचो,
तो चपलेचा अंगठा उसवत,
मी घड्याळाला किल्ली देत.
चौथ्या शुक्रवारी मुरैन्याची गजक नेली.
अर्धी खाल्ली, अर्धी खिशात घातली.
मुंग्या लागतील रे, म्हटलं.
"पुनिया की है."

पुनिया पाच वर्षांची. ती मुरारला, मुलींच्या गृहात.
दोघं सापडली एकाच रात्री, फलाट दोनवर,
एका गोधडीत.
गोधडी पुढे कुणाकडे गेली, फायलीत नोंद नाही.
हा माझा पहिला आक्षेप.

मग त्यानं विचारलं, माझ्याकडे न बघता,
"अब बो कौन कौ कान पकर कें सोउत है?"
मला कळलं नाही.
तेव्हा माझा हात उचलून त्यानं
आपल्या डाव्या कानाच्या पाळीवर ठेवला.
पाळी गार होती, आणि जराशी ओघळलेली.
निदान मला तशी वाटली.

थाटीपूरचं एक जोडपं पुनियाला सांभाळायला तयार आहे.
माणसं भली. मी स्वतः जाऊन आलो :
वेगळी खोली, खिडकीला जाळी, नवी रजई, किमतीची चिठ्ठी अजून टोकाला.
मुलगा नको म्हणाले.
मोठा आहे, आणि घुमा.

अहवालाच्या छापील नमुन्यात रकाना नऊ :
बालकाची इच्छा. जागा दीड ओळ.
मी आधी लिहिलं, भावंडांमधील भावनिक जवळीक लक्षात घेता.
वाचलं. बरोबर होतं,
आणि त्यात रामलखन कुठेच नव्हता.
खोडलं. लिहिलं :
मुलीला झोपताना भावाचा कान लागतो.

अध्यक्षबाईंनी ते दोनदा वाचलं.
"फणसेजी, ये कान कौन सी धारा में आता है?"
एक सदस्य हसले. वाईट हसले नाहीत,
त्या दिवशी एकतीस फायली होत्या, चहाही आला नव्हता.
मी उभा राहिलो.
नियम, पोटनियम, परिपत्रक, तारखेसकट सांगणारा मी,
म्हणालो, माहीत नाही, बाई.
पण लिहिलंय ते खरं आहे.

मागच्या बाकावर थाटीपूरच्या बाई बसल्या होत्या.
त्यांनी हळूच कानातला डूल काढला,
पर्समध्ये टाकला,
आणि उघडी पाळी दोन बोटांत धरून बघितली.
मला त्यांचा राग यायला हवा होता.
आला नाही.
रामलखनच्या बाजूनं मात्र पोटात खड्डा पडला.

पुढची तारीख अठरा.
तोवर दर रविवारी भेट, तास एक, अधीक्षिकेच्या खोलीत.
हे सांगायला मी टेम्पोनं कंपूला गेलो,
वाटेत दोनदा वाक्य जुळवलं,
जणू मोठं काहीतरी जिंकून आणलंय.

त्यानं ऐकून घेतलं.
जिन्याच्या गंजाचा एक पापुद्रा नखानं सोलला.
मग विचारलं, ही भेट रात्रीची असते का?

मी पेन काढलं.
रकाना भरलेला होता.
बिल्ल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.